तू ठरव

आमच्या घरात एक एफडी होती, तिला आम्ही 'तिसरी' म्हणायचो. नवरा सहकारी बँकेत आहे, त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक एफडीला नाव असतं. गाडीची, बाबांच्या मोतीबिंदूची, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची. ही तिसऱ्या आयव्हीएफ सायकलची होती. पहिल्या दोनांचे पैसे केव्हाच खर्च झाले होते. त्या दोनांचं काय झालं ते पुढे एकदाच सांगेन, कारण हा लेख त्यावर नाही. हा लेख आम्ही फिरायला कुठे जायचं हे कसं ठरवलं, त्यावर आहे.

२०२४च्या दिवाळीनंतर तिसरी सायकल करायची नाही असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. केबिनमध्ये डॉक्टर मॅडमनी दोघांकडे आळीपाळीनं बघत विचारलं, "मग, पुढचं काय?" नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तू ठरव."

जानेवारीत एफडी मॅच्युअर झाली. अडीच लाख आणि वर थोडं व्याज. रात्री जेवताना तो म्हणाला, "परत टाकू का वर्षभरासाठी?" मी म्हटलं, "नको. ती परत दिसायला नको मला पासबुकात. फिरायला जाऊ. भारताबाहेर." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला. मग म्हणाला, "चालेल. कुठे?"

"तू सांग."

"मला काय, कुठेही चालेल. तू ठरव."

ज्यांची लग्नं झालीत त्यांना हे दोन शब्द समजावून सांगायची गरज नाही. आमच्याकडे सोफ्याचा रंग, शुक्रवारचं हॉटेल, लोकांच्या लग्नात द्यायच्या पाकिटातली रक्कम, सगळं या दोन शब्दांवर चालतं. माझ्या मैत्रिणी म्हणतात, तुझं बरंय, तुझा नवरा कशात ढवळाढवळ करत नाही. मीही सुरुवातीला तसंच समजायचे. माझ्या बाबांनी आईला घरातल्या पडद्यांचं कापडसुद्धा कधी निवडू दिलं नव्हतं. त्या मानानं हा माणूस म्हणजे लॉटरीच. पण सात वर्षांनंतर मला या औदार्याचा कंटाळा आला होता. सगळं मी ठरवायचं, म्हणजे चुकलं तर तेही माझंच.

असो. मी शीट उघडली.

माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. कुठली गोष्ट कुठे मोडेल हे आधी शोधून काढायचे मला पैसे मिळतात. त्यामुळे शीटमध्ये देशांच्या नावांपुढे व्हिसा, तिकीट, हवामान, राहणं असे नेहमीचे रकाने होतेच, आणि शेवटचा रकाना होता 'हा काय खाणार'. नवरा मंगळवेढ्याकडचा, घर वारकरी, आई-वडील दोघांच्याही गळ्यात माळ. त्याच्या नाही, पण अंडं फोडलेल्या तव्यावरची पोळीही तो खात नाही. मी मालवणजवळची. आमच्या घरी सोमवारीसुद्धा कुणाला तरी सुकट भाजायची हुक्की यायची. लग्नाच्या वेळी दोन्ही घरांना हा प्रश्न जातीपेक्षा मोठा वाटला होता.

बाली पहिल्यांदा बाद झालं. सगळे जातात म्हणून तो बघायला तयार होता, पण मला समुद्राचं आकर्षण नाही. समुद्र म्हणजे आमच्या मागच्या दारचा प्रकार. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "समुद्र बघूक इमानात बसान कित्याक जातस गो?" बरोबर होतं तिचं. शिवाय बालीच्या प्रत्येक दुसऱ्या रीलमध्ये कुणीतरी पोटावर हात ठेवून फुलांच्या टबात बसलेलं असतं. बेबीमून म्हणतात त्याला.

मग स्वित्झर्लंड. हे सासूबाईंच्या मनातलं, म्हणजे खरं तर टीव्हीवर लागणाऱ्या यश चोप्रांच्या सिनेमांतलं. इंटरलाकनमध्ये चोप्रांचा पुतळाही आहे. मी तिथल्या हॉटेलांचे दर बघितले आणि लॅपटॉप बंद केला. पण खरं कारण दर नव्हते. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४पासून माणशी ९० युरो झाली आहे, ३० हजार युरोंचं संरक्षण देणारा विमा काढावा लागतो, बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, कंपनीचं पत्र, बोटांचे ठसे, आणि एवढं करून नकार आला तर फी परत नाही. कारणाच्या चौकटीत टिकमार्क केलेला कागद हातात येतो. मी असे कागद बघितलेत. उपाशीपोटी रक्त द्यायचं, दुपारपर्यंत रिफ्रेश करत बसायचं आणि पीडीएफ उघडल्यावर एक आकडा. आणखी कुणाच्या निकालाची वाट बघायची माझी तयारी नव्हती.

सासऱ्यांचं म्हणणं, टूर कंपनीबरोबर जा. रविवारच्या पेपरात पहिलं पान भरून जाहिरात असते, त्यांनी ती घडी करून पाठवूनही दिली होती, कुरिअरनं, चिवड्याच्या डब्यासोबत. मी मनापासून वाचली. सोबत टूर मॅनेजर, रात्री वरण-भात, हात धरून विमानात बसवणार. त्या पॅकेजवर तेव्हा पाच टक्के टीसीएस लागायचा, नंतर रिटर्न भरताना वळता करून घेता यायचा, हे नवऱ्यानं पेन्सिलीनं कडेला लिहिलं. पण त्या पानावर हनिमूनवाल्यांसाठी वेगळी सहल होती, फक्त बायकांसाठी वेगळी, ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळी, आणि उरलेल्या सगळ्या फॅमिली टूर. आम्ही दोघं कशात बसतो ते मला कळेना. फॅमिली टूरच्या बसमध्ये पहिल्या दिवशी सगळे ओळख करून देतात. नाव, गाव, मुलं किती.

मग मी माझं नाव शीटमध्ये सगळ्यात वर टाकलं. व्हिएतनाम.

का, तर तिथे कुणी आम्हाला काही विचारणार नाही. पंचवीस डॉलरचा ई-व्हिसा, मुंबईहून थेट विमान, पैसे पुरून उरतील. हनोईच्या जुन्या भागातले व्हिडिओ मी रात्र-रात्र बघायचे. रस्ता ओलांडताना हजार स्कूटर तुमच्या अंगावरून पाण्यासारख्या जातात, फुटपाथवर बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर लोक बसलेत, अंड्याचा फेस घातलेली कॉफी पिताहेत. मला आवाज हवा होता. आमचं सिंहगड रोडचं घर तेव्हा फार शांत झालं होतं. आणि 'हा काय खाणार' या रकान्यातही व्हिएतनाम पास झालं होतं, कारण तिथे शाकाहारी जेवणाला 'चाय' म्हणतात आणि पुष्कळ लोक चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस-मासे खात नाहीत. हे मी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हंजे अवस-पुनव पाळत्यात की." व्हिएतनामबद्दल त्यांचं मत त्या क्षणी चांगलं झालं.

नवऱ्याला शीट दाखवली. त्यानं प्रत्येक ओळ नीट वाचली, डॉलरचा भाव दुरुस्त केला आणि म्हणाला, "छान आहे. तू ठरव."

इथे मी भांडायला हवं होतं, पण भांडले नाही. मी तिकिटांवर अलर्ट लावला.

लहानपणी आमच्या घरी 'अपूर्वाई' आणि 'पूर्वरंग' ही पुलंची दोन प्रवासवर्णनं होती. कव्हरं गेलेली, दोऱ्यानं शिवलेली. आई ती मोठ्यानं वाचायची आणि आम्ही हसून लोळायचो. पुलं आणि सुनीताबाई दोघं मिळून जग बघताहेत, बोटीत, विमानात, बालीत, जपानात. नवरा-बायकोनं प्रवास करायचा तो असा, हे माझ्या डोक्यात तिथूनच बसलं. कॉलेजात गेल्यावर 'आहे मनोहर तरी' वाचलं तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की ती पुस्तकं एकानंच लिहिली होती. एकाच घरातल्या दोन माणसांना एकच आयुष्य किती वेगळं आठवू शकतं! सुनीताबाईंनी त्या बोटीवर काय काय केलं असेल, कुणाचं सामान बांधलं असेल, हा विचार तेव्हा मला फार बंडखोर वाटला होता. आता वाटतं, आमच्या घरातली शीट मी लिहितेय, आणि दुसऱ्या माणसाचं पुस्तक कुठंय हे मी विचारलंच नाही.

ते पुस्तक सापडलं वाईला जाताना.

फेब्रुवारीतला रविवार. चुलत नणंदेच्या बाळाचं बारसं. अशा कार्यक्रमांना जायची आमची एक पद्धत ठरली होती. उशिरा पोचायचं, पाळण्यापाशी दोन मिनिटं, जेवण, आणि ट्रॅफिकचं निमित्त करून लवकर निघायचं. तो गाडी चालवत होता, माझ्या फोनची बॅटरी गेली म्हणून त्याच्या फोनवर मॅप लावला. खंबाटकीच्या अलीकडे मॅप अडकला, मी दोन बोटांनी झूम आउट करत गेले आणि चुकून फारच बाहेर आले. अख्खा आशिया दिसायला लागला. आणि निळ्या समुद्राच्या कडेला, जपानच्या पोटाशी, एक हिरवा झेंडा.

गूगल मॅपवर 'इथे जायचंय' म्हणून जागा सेव्ह केली की हिरवा झेंडा लागतो. माझ्या मॅपवर असे दीडेकशे झेंडे आहेत. त्याच्या मॅपवर सगळ्या जगात तो एकच होता.

"हे काय आहे? कामाकुरा?"

त्यानं गिअर बदलला. "देऊळ आहे एक."

"तुला जपानला जायचंय?"

"नाही, असंच."

मी झेंड्यावर बोट ठेवलं. हासे-देरा. फोटो उघडले. पहिल्या फोटोत निळी-जांभळी हायड्रेंजियाची फुलं, डोंगराच्या उतारावर पसरलेली, मागे समुद्र. दुसऱ्या फोटोत दगडाच्या लहान लहान मूर्ती. वीतभर उंचीच्या, डोक्याचा गोटा केलेल्या, डोळे मिटलेल्या. शेकडो, ओळीनं. तिसऱ्या फोटोखाली कुणीतरी इंग्रजीत लिहिलं होतं की या मूर्ती जन्माला न आलेल्या मुलांसाठी आई-वडील ठेवतात.

घाट आला. फोनची रेंज गेली. घाटातून बाहेर आल्यावर मी म्हटलं, "गाडी बाजूला घे."

आता ते एकदाच सांगायचं. पहिली सायकल लागलीच नाही. दुसरी लागली. मार्च २०२४, नवव्या आठवड्यात सोनोग्राफी करताना मॅडम बोलायच्या थांबल्या. ठोके नव्हते. दुसऱ्या दिवशी मला सकाळी आत नेलं आणि दुपारी घरी सोडलं. आत मला भूल होती, मला काही आठवत नाही. तो बाहेर होता. बाहेरचे ते दोन-अडीच तास त्यानं काय केलं हे मी कधीच विचारलं नव्हतं. मला वाटलं होतं औषधांची बिलं भरली असतील, आईला फोन केला असेल.

त्यानं फोनवर शोधलं होतं की अशा वेळी काय करतात. म्हणजे विधी काय असतो. घरी विचारायची सोय नव्हती, कारण नवव्या आठवड्याचं कुणाला सांगितलंच नव्हतं, आणि त्याला माहीत होतं की आपल्यात यासाठी काही नसतंच. नाव नाही, पिंड नाही, सुतक नाही. शोधता शोधता तो त्या दगडाच्या मूर्तींपाशी पोचला. आणि त्यानं झेंडा लावला.

हायवेच्या कडेला, इंडिकेटर टिकटिकत असताना हे ऐकून मी त्याला जवळ घेतलं असं मला लिहायला आवडलं असतं. पण मी चिडले. भयंकर चिडले. मी म्हटलं, "मला सुट्टीवर जायचंय. तेराव्याला नाही."

तो म्हणाला, "तेरावं झालंच कुठे?"

बारशाला आम्ही गेलो नाही. खंडाळ्याला वडापाव खाल्ला आणि परत फिरलो. नणंदेला गाडी बिघडल्याचा मेसेज केला.

पुढचे पंधरा दिवस आमच्या घरी प्रवासाचं नाव निघालं नाही. हनोईच्या तिकिटाचा अलर्ट रोज यायचा, एकदा भाव चार हजारांनी पडलासुद्धा. मी बुक केलं नाही. त्याऐवजी मी रात्री ते सगळं वाचत बसले, आणि खरं सांगायचं तर खोडून काढण्यासाठी वाचत होते. टेस्टरची सवय. दोष सापडलाही. या प्रकाराला जपानमध्ये 'मिझुको कुयो' म्हणतात. मिझुको म्हणजे पाण्यातलं मूल. तो आज दिसतो त्या रूपात १९७०च्या दशकापासून वाढला, आणि देवळं लोकांच्या अपराधी भावनेवर पैसे कमावतात अशी टीका खुद्द जपानी लोकांनीच त्यावर केली आहे. मी विजयी मुद्रेनं हे त्याला वाचून दाखवलं. "बघ. धंदा आहे."

तो भांडी पुसत होता. "क्लिनिकला आपण साडेचार लाख दिले," तो म्हणाला. "ते काय होतं?"

मला उत्तर सुचलं नाही. पण वाचन थांबलं नाही. त्या मूर्ती जिझोच्या. जिझो म्हणजे बोधिसत्त्व क्षितिगर्भ. हा संस्कृत शब्द मी जपानी देवळाच्या पानावर वाचला आणि थबकले, कारण तो मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिथली लोककथा अशी की आई-बापांच्या आधी गेलेल्या मुलांना नदी ओलांडता येत नाही, ती काठावर दगडांवर दगड रचत बसतात, आणि जिझो त्यांना आपल्या झग्याच्या बाह्यांमध्ये लपवून पलीकडे नेतो. म्हणून लोक त्याला लाल लाळेरं बांधतात, टोपी घालतात. नवऱ्याला हे सांगितलं तर तो शांतपणे म्हणाला, "आमच्या घरी कॅलेंडरवर विठोबा होता बघ, अंगाखांद्यावर लेकरं घेतलेला. तसंच झालं की." जणू हे त्याला आधीपासून माहीत होतं. होतंच बहुतेक.

आणि अजून एक गोष्ट होती, जी मला उगाचच हसवून गेली. जिझो प्रवाशांचाही रक्षक आहे. जपानमध्ये रस्त्यांच्या कडेला, फाट्यांवर त्याच्या मूर्ती असतात.

एका रात्री मी विचारलं, "तू सांगितलं का नाहीस? वर्षभर?"

"मला वाटलं तुला विसरायचंय. तू सगळे कागद माळ्यावर टाकले होतेस."

"आणि केबिनमध्ये? तिसरीचं विचारलं तेव्हा? तेव्हा तरी तुला काय हवंय ते बोलायचं."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "इंजेक्शनं तुला होती. मी काय म्हणणार, कर की अजून एकदा? आणि नको म्हणालो असतो आणि तुला हवं असतं तर?"

म्हणजे 'तू ठरव' म्हणताना तो मागे सरकत होता ते मला जागा द्यायला. आणि मला ती जागा रिकामी वाटत होती. दोघांचंही खरं होतं. यावर काय करायचं असतं मला माहीत नाही. आम्ही चहा केला.

पुढचा रविवार मात्र शीटचा होता, आणि पहिल्यांदाच आम्ही दोघं एका लॅपटॉपसमोर बसलो. जपानची ओळ आधीपासून होती, मीच जानेवारीत लाल रंगानं खोडलेली. कारणं खोटी नव्हती. साकुराच्या दिवसांत, म्हणजे मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला, हॉटेलांचे दर डोळे पांढरे करतात. परदेशी पर्यटकांचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३मध्ये २९,६५० येनवरून थेट ५०,०००वर गेलाय. आणि 'हा काय खाणार' या रकान्यात मी नुसतं शून्य लिहिलं होतं, कारण जपानी स्वयंपाकात सगळीकडे दाशी असते. वाळवलेल्या माशाच्या ढलप्यांचं पाणी. सूपमध्ये, सॉसमध्ये, नुसत्या भाजीतही. आमच्याकडे सुकटीचं पाणी असतं तसं समजा. मला ऐकूनच घरी गेल्यासारखं वाटलं, त्याचा चेहरा पडला.

पण ज्या माणसाला खरंच कुठेतरी जायचं असतं तो किती चिवट असतो हे मी त्या दिवशी बघितलं. मार्च नको, त्यानं जून काढला. जूनमध्ये तिकडे पावसाळा सुरू होतो, लोक टाळतात, भाव उतरतात. "आपण पावसातून पावसात जायचं," तो म्हणाला. मंगळवेढ्याच्या माणसाला सुट्टीत पाऊस मिळणार ही तक्रार कशी असेल? रेल्वे पास नकोच, क्योतो नको, तोक्यो आणि आसपासचंच बघू. कामाकुरा तोक्योहून ट्रेननं तासाभरावर आहे. जेवणाचंही त्यानं शोधून ठेवलं होतं. बौद्ध मठांतलं शोजिन र्योरी नावाचं जेवण असतं, त्यात मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणसुद्धा नाही. "आईचा चातुर्मासच," तो म्हणाला. बाकी दिवस भात, केळी आणि आईच्या शेंगदाण्याच्या चटणीवर काढेन म्हणाला. मी त्याला सांगितलं की मी काढणार नाही. मी रोज मासे खाणार, आणि कच्चे खाणार, आणि तू समोर बसायचंस. तो बरं म्हणाला.

आणि व्हिएतनाम? स्वस्तात स्वस्त तिकीट हनोईमार्गे निघालं. जाताना सहा तासांचा थांबा. म्हणजे माझ्या हजार स्कूटरी मला विमानतळाच्या काचेतून बघायच्या होत्या. मी याचा पुरेपूर फायदा उठवला आणि पुढची सहल हनोईची, कुठलाही प्रश्न न विचारता, हे शीटमध्येच लिहून घेतलं.

मी पूर्ण तयार होते असं नाही. मी त्याला स्पष्ट सांगितलं की मी त्या देवळात जाईन की नाही ते मला माहीत नाही. कदाचित खाली समुद्रावर बसेन. हासे-देराच्या टेकडीवरून समुद्र दिसतो, आणि खाली वाळूचा किनारा आहे, हे मी मॅपवर बघून ठेवलं होतं. मला समुद्राचं आकर्षण नाही म्हणाले होते ते खरं आहे, पण काय करावं ते कळत नसेल तेव्हा मला त्याच्यासमोर बसता येतं. तो म्हणाला, "चालेल." आणि पहिल्यांदाच पुढे 'तू ठरव' म्हणाला नाही.

मग घरोघरी फोन झाले. एका मावशीनं विचारलं, "काय मग, काही प्लॅनिंग?" हा प्रश्न गेली पाच वर्षं ज्या अर्थानं यायचा त्याच अर्थानं तो आला होता. मी म्हटलं, "हो, जूनमधे जपान." पलीकडे इतकी शांतता पसरली की मला वाटलं फोन कट झाला. सासूबाईंनी फक्त एक विचारलं, "खायाला मिळंल का तिथं?" आणि दुसऱ्या दिवसापासून शेंगदाणे भाजायला घेतले, तीन महिने आधी.

जपानच्या व्हिसाची फी तेव्हा अगदी किरकोळ होती, पण कागद मात्र नीट लागतात. त्यात एक तक्ता असतो. तारीख, त्या दिवशी काय करणार, मुक्काम कुठे. प्रत्येक दिवसाचं लिहायचं. मी एका संध्याकाळी भरायला बसले. पहिला दिवस, आगमन. दुसरा दिवस, असाकुसा आणि उएनो. तिसरा दिवस, शिबुया. चौथ्या दिवशी फुजीच्या पायथ्याचं कावागुचिको, बसनं. पाचवा दिवस, त्सुकिजीचा मासळीबाजार, हा खास माझा. सहाव्या दिवसाच्या ओळीवर येऊन मी थांबले. ती ओळ रिकामी ठेवता येत नव्हती. तिथे काय लिहायचं? दूतावासातला कुणीतरी अनोळखी माणूस हा कागद वाचणार. देऊळ लिहायचं? कुठल्या कामासाठी?

मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "हे तू लिही."

त्यानं चष्मा लावला. तो दोन बोटांनी टाइप करतो, बँकेत एवढी वर्षं काढूनही. बराच वेळ नुसता कर्सर लुकलुकत होता. मग त्यानं लिहिलं: कामाकुरा. हायड्रेंजियाची फुलं बघणे.

हायड्रेंजियाचं स्पेलिंग चुकलं होतं. मी ते दुरुस्त केलं, सातव्या दिवसाची ओळ भरली आणि प्रिंट दिली.